पिशवी गेली, पित्त राहिलं

“बाई, तुमचं पित्ताशय काढलं ना? म्हणजे आता तुम्हाला पित्ताचा त्रास कधी होणारच नाही!”

आमची थोरली बहीण एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या पावसाळ्यात तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांनी ती शाळेत परतली, तेव्हा आठवीतल्या एका मुलीनं पहिल्याच तासाला तिला हा दिलासा दिला. मुलीचं सोडा, पण त्या तीन आठवड्यांत ताईला भेटायला आलेल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्यांनी तरी हेच म्हटलं होतं. उरलेल्यांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. “पित्ताशयच नाही, मग अन्न पचणार कसं? आता जन्मभर पथ्य!” दोन्ही मतं चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे. पित्ताशय म्हणजे पित्त तयार करणारा अवयव, असं आपल्या मनात नकळत बसलेलं असतं.

शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस ताई आमच्याकडे होती. आमचं संशोधनाचं क्षेत्र रसायनशास्त्राचं, वैद्यकाचं नव्हे. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला या लेखात शोधू नये. त्या पंधरा दिवसांत आम्हाला जे प्रश्न पडले आणि ज्यांची उत्तरं डॉक्टरांना विचारून, पुस्तकं उघडून शोधावी लागली, ते प्रश्न इथं मांडत आहोत. पचनसंस्थेचा धडा शिकवताना त्यांतले काही वर्गातही उपयोगी पडतील.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू या. मराठीत आपण ‘पित्त’ हा शब्द किमान तीन गोष्टींसाठी वापरतो. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले की ‘पित्त झालं’ म्हणतो. ते काम जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचं असतं. अंगावर लाल गांधी उठल्या की ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणतो. त्याचा संबंध ॲलर्जीशी, कातडीत सुटणाऱ्या हिस्टामिनशी. आणि तिसरं, पाठ्यपुस्तकातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. पित्ताशयाचा संबंध फक्त या तिसऱ्याशी. ताईला परीक्षेच्या दिवसांत रात्री जागून पेपर तपासले की जळजळ होते. ती शस्त्रक्रियेपूर्वी व्हायची, आताही होते.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं, आणि तेही दिवसरात्र. आपण मात्र दिवसरात्र खात नाही. मग मधल्या वेळात आलेलं पित्त पित्ताशयात जाऊन थांबतं. आता गंमत पाहा: या पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कप. रात्रभराचं पित्त एवढ्याशा जागेत राहतं कसं? पित्ताशयाचं अस्तर पित्तातले क्षार शोषून घेतं, क्षारांमागोमाग परासरणानं पाणीही निघून जातं आणि उरलेलं पित्त पाच ते दहा पट दाट होतं. दूध आटवून बासुंदी करावी तसंच, फक्त आच न लावता.

आपण तेलकट-तुपकट काही खाल्लं की ते आतड्यात उतरताच आतड्याच्या अस्तरातून एक संप्रेरक रक्तात सुटतं. १९२८ साली आयव्ही आणि ओल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावला आणि नाव ठेवलं कोलेसिस्टोकायनिन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो ‘पित्ताच्या पिशवीला हलवणारा’. हा निरोप पोचला की पित्ताशय आकुंचन पावतं आणि दाट पित्ताची पिचकारी आतड्यात येते. पित्तात पचनाचं विकर नसतं. स्निग्ध पदार्थांचं पचन स्वादुपिंडातून येणारं लायपेज करतं, पण ते तेलाच्या मोठ्या थेंबाच्या फक्त पृष्ठभागावर काम करू शकतं. पित्तक्षार त्या थेंबाचे बारीक बारीक थेंब करतात. एकूण पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि लायपेजला भरपूर काम मिळतं.

म्हणजे कारखाना यकृत, गोदाम पित्ताशय. ताईचं गोदाम गेलं, कारखाना जागेवर आहे.

काहीच दुखत नव्हतं

ताईला पित्ताशयाचा त्रास कधीच नव्हता. तीन वर्षांपूर्वी भलत्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी झाली आणि अहवालात एक ओळ आली: पित्ताशयात ७ मिलिमीटरचा पॉलिप.

पॉलिप म्हटलं की विज्ञानाच्या शिक्षकांना हायड्रा आठवतो. शब्द तोच आहे. मूळ ग्रीक अर्थ ‘पुष्कळ पायांचा’. वैद्यकात मात्र अवयवाच्या आतल्या अस्तरातून पोकळीत डोकावणाऱ्या कोणत्याही उंचवट्याला पॉलिप म्हणतात. तो खडा नाही हे सोनोग्राफीत कसं कळलं, असं आम्ही विचारलं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. खड्यावरून ध्वनिलहरी जवळजवळ पूर्ण परत येतात, त्यामुळे खड्याच्या मागं काळी सावली पडते. शिवाय रुग्णानं कूस बदलली की खडा घरंगळतो. पॉलिप अस्तराला चिकटलेला असल्यानं कूस बदलली तरी जागचा हलत नाही आणि त्याची सावलीही पडत नाही. प्रतिध्वनीच्या धड्याला इतकं चांगलं उदाहरण आम्हाला आजवर सापडलं नव्हतं.

सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यापासून असे पॉलिप खूप दिसू लागले आहेत. शंभर प्रौढांची तपासणी केली तर चार-पाच जणांत सापडतात. त्यांतले बहुसंख्य खरे पॉलिप नसतातच. पित्तातलं कोलेस्टेरॉल अस्तरातल्या काही पेशी गिळतात, त्या फुगतात आणि अस्तरावर पिवळसर दाणे उमटतात. दाणा वाढून लोंबू लागला की झाला कोलेस्टेरॉल पॉलिप. हा निरुपद्रवी असतो. थोडे पॉलिप मात्र ग्रंथीच्या पेशींच्या वाढीतून झालेले असतात आणि त्यांतल्या काहींत पुढं कर्करोग होऊ शकतो. पित्ताशयाचा कर्करोग तसा विरळा. आपल्या देशात तो गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेश-बिहारकडे बराच आढळतो. महाराष्ट्रात त्या मानानं पुष्कळ कमी. पण त्याची खोड अशी की तो कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

पॉलिप कोणत्या जातीचा हे बाहेरून खात्रीनं कळत नाही. आतड्यातल्या पॉलिपचा तुकडा दुर्बिणीतून काढून तपासता येतो, पित्ताशयात तशी सोय नाही. म्हणून डॉक्टर आकाराकडे पाहतात. युरोपातल्या चार वैद्यकीय संघटनांनी मिळून २०२२ साली सुधारलेल्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पॉलिप १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल आणि रुग्ण शस्त्रक्रिया सोसू शकत असेल, तर पित्ताशय काढावं. ६ ते ९ मिलिमीटरचा असेल तर जोखमीचे इतर घटक पाहावेत: वय साठीच्या पुढं, पॉलिपला देठ नसणं, पित्तनलिकांचा एक विशिष्ट आजार आणि आशियाई वंश! तशातला एखादा घटक असेल तर याही आकाराला शस्त्रक्रिया सुचवली आहे. नसेल तर सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी. हे वाचून आम्हाला हसू आलं. युरोपात बसून आशियाई वंश हा वेगळा काढायचा घटक असेल, आपल्याकडे वेगळं कोणाला काढायचं? उत्तरेतला धोका आणि कोकणातला धोका एका मापात मोजणं आम्हाला पटत नाही. ताईचे डॉक्टरही त्याच मताचे होते. ते म्हणाले, ७ मिलिमीटर आहे, लक्ष ठेवू.

सहा महिन्यांनी ७, वर्षानं ८. मापन शिकवणाऱ्या ताईला हा एक मिलिमीटर खटकला. तिनं विचारलं, यंत्र निराळं, मोजणारे हात निराळे, मग हा फरक वाढीचा की मोजमापाचा? डॉक्टरांनी मान्य केलं की एक-दोन मिलिमीटरच्या फरकावर फार विसंबता येत नाही. दोन वर्षं झाली तेव्हा आकडा आला ११.

तेव्हा मात्र घरात दोन तट पडले. “काहीच दुखत नसताना पोट कापून घ्यायचं?” हा ताईचाच प्रश्न होता, आणि तो गैर नव्हता. दुखणं असलं की शस्त्रक्रियेचा निर्णय सोपा होतो. इथं वेदनेच्या जागी एक आकडा होता.

गॅस झाला, पण कुठला?

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. तोवर डॉक्टर पित्ताशयातले फक्त खडे काढत आणि पिशवी तशीच ठेवत. लांगेनबुख यांचा तर्क असा की पिशवीत खडे आहेत म्हणून ती आजारी नाही, पिशवी आजारी आहे म्हणून तिच्यात खडे होतात. पिशवीवाचून प्राणी जगतो हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून सतराव्या शतकापासून माहीत होतं. त्यांचा पहिला रुग्ण ४३ वर्षांचा होता. तो बरा होऊन सहा आठवड्यांनी घरी गेला. पुढं शंभर वर्षं हीच शस्त्रक्रिया पोटावर वीतभर छेद घेऊन होत राहिली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन इथं एरिक म्यूह यांनी बारीक छेदांतून, दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. त्यांच्याच देशातल्या शल्यविशारदांनी आधी त्यांना उडवून लावलं आणि काही वर्षांनी, १९९२ साली, त्यांचा सन्मान केला. भारतात ही पद्धत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुरू केली. आता ती तालुक्याच्या गावीही होते.

ताईच्या पोटावर चार छिद्रं होती: बेंबीपाशी एक सेंटिमीटरचं, छातीच्या हाडाखाली तेवढंच आणि उजवीकडे अर्ध्या सेंटिमीटरची दोन. पित्ताशयाची नळी आणि त्याची रक्तवाहिनी टायटॅनियमच्या चिमट्यांनी बंद करतात, दोन्ही कापतात, पिशवी यकृतापासून सोडवतात आणि बेंबीच्या छिद्रातून बाहेर काढतात. तासाभराचं काम.

त्या रात्री ताई म्हणाली, “पोट फारसं दुखत नाही, पण उजवा खांदा कुणी पोतं टाकल्यासारखा ठणकतोय.” आम्ही घाबरलो. शस्त्रक्रिया पोटाची, दुखणं खांद्याला! सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “गॅसचं आहे ते, चाला थोडं.” भेटायला आलेल्या काकूंनी तेवढाच शब्द ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ओवा नि सैंधव घेऊन आल्या. गॅस होता, पण पोटातल्या वायूशी त्याचा संबंध नव्हता.

दुर्बिणीनं काम करायचं तर पोटाची भिंत आतल्या अवयवांपासून वर उचलावी लागते. त्यासाठी पोटाच्या पोकळीत, म्हणजे आतड्याच्या आत नव्हे, आतड्याच्या बाहेर, वायू भरतात. हवा का भरत नाहीत? ऑक्सिजन चालणार नाही, कारण रक्तस्राव थांबवायला आत विजेनं ऊतक जाळावं लागतं आणि ऑक्सिजन ज्वलनाला मदत करतो. नायट्रोजन जळत नाही, पण पाण्यात फार कमी विरघळतो. त्याचा बुडबुडा रक्तवाहिनीत शिरला तर तिथंच अडून बसेल. कार्बन डायॉक्साइड जळत नाही, जळूही देत नाही आणि ऑक्सिजनच्या वीसपटीहून अधिक विरघळतो. सोड्याची बाटली आठवा. रक्तात विरघळलेला हा वायू फुफ्फुसातून बाहेर टाकायची व्यवस्था तर शरीराकडे जन्मापासून आहे. त्याचा दाब १२ ते १५ मिलिमीटर पारा एवढाच ठेवतात, म्हणजे आपल्या रक्तदाबातल्या वरच्या आकड्याच्या साधारण दहावा भाग.

शस्त्रक्रिया संपल्यावर बहुतेक वायू काढून घेतात, थोडा उरतो. माणूस उठून बसला की तो वर चढतो आणि श्वासपटलाखाली साठतो. तिथं तो पाण्याशी मिळून सौम्य आम्ल होतो, शिवाय भरलेल्या वायूनं श्वासपटल ताणलं गेलेलं असतंच. श्वासपटलाची तक्रार मेंदूकडे नेणारी चेता मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चेतांपासून निघते. पोटाच्या वरच्या पडद्याची चेता मानेतून का? गर्भात श्वासपटलाची सुरुवात मानेपाशी होते. ते खाली सरकताना आपली चेता सोबत ओढत नेतं. खांद्याच्या कातडीच्या चेताही मानेच्या त्याच पातळीतून येतात. एकाच टपाल कार्यालयात दोन गावांची पत्रं येतात असं समजा. खांद्याकडून पत्रं रोज येतात, श्वासपटलाकडून आयुष्यात एखादं. मेंदू ते एखादं पत्रही खांद्याच्याच खात्यात टाकतो. दोन-तीन दिवसांत वायू शोषला गेला आणि ताईचा खांदा आपोआप थांबला. ओवा काकूंच्या समाधानासाठी आम्हीच खाल्ला.

चालायला सांगतात ते मात्र केवळ वायूसाठी नाही. पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती असते, पोट दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि फुफ्फुसाचा तळ नीट फुगत नाही. ताई दुसऱ्या दिवशी घरी आली. पहिले चार दिवस ती व्हरांड्यात फेऱ्या घालत होती आणि खोकला आला की पोटाशी उशी धरत होती.

आठव्या दिवशी टाके निघाले आणि तिला वाटलं, झालं. कातडी मिटली होती हे खरं, पण मिटणं आणि जोडलं जाणं यांत फरक आहे. जखमेत आधी घाईघाईनं विणलेले कोलॅजेनचे धागे पडतात, मग कित्येक महिने ते उसवून पुन्हा नीट विणले जातात. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ ताकदीच्या साधारण ३० टक्के असते, तीन महिन्यांनी ८० टक्के. त्यापलीकडे ती जात नाही. बेंबीपाशी फक्त कातडी नव्हे, खालचं मजबूत आवरणही कापलेलं असतं. एवढ्यात पाण्याची कळशी उचलली तर तिथून आतडं बाहेर डोकावू शकतं, हर्निया होतो. म्हणून जड उचलायला काही आठवडे बंदी. आम्ही हे आकडे सांगितले तेव्हा कुठं ताईनं बादली खाली ठेवली.

नागपंचमीची दिंडं

खाण्यावरून आमच्याकडे रोज वाद झाला. तूप वर्ज्य, तूरडाळ वर्ज्य, वांगं वर्ज्य, दही रात्री नको, केळं सकाळी नको. या याद्या देणाऱ्यांपैकी कोणाच्याच याद्या एकमेकांशी जुळत नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच: सुरुवातीला तळकट कमी, थोडं थोडं पण चार-पाच वेळा खा, आणि सोसेल तसं नेहमीच्या जेवणावर या.

नवव्या दिवशी नागपंचमी होती. घरात पुरणाची दिंडं झाली. ताईनं दोन खाल्ली आणि दिंडं तुपाशिवाय खायची नसतात या मताची ती असल्यामुळे तूपही सढळ हातानं घेतलं. तासाभरात तिची धावपळ सुरू झाली. संध्याकाळपर्यंत चारदा. “बघा, पित्ताशय नाही म्हणजे पचत नाही,” असं म्हणणाऱ्यांना पुरावाच मिळाला.

खरं काय झालं ते समजायला पित्तक्षारांचा प्रवास पाहायला हवा. आमच्या मते पचनसंस्थेतली ही सर्वांत सुरेख व्यवस्था आहे आणि शालेय पुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो. शरीरात पित्तक्षारांचा एकूण साठा असतो सुमारे ३ ग्रॅम, चमचाभरसुद्धा नाही. दिवसभरातली चरबी विरघळवायला तो पुरत नाही. पण लहान आतड्यात काम झालं की हे क्षार वाया जात नाहीत. आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषले जातात, रक्तातून यकृतात परत येतात आणि पुन्हा पित्तात उतरतात. दिवसाला अशा सहा ते दहा फेऱ्या होतात. आठ धरल्या तर ३ ग्रॅम क्षार २४ ग्रॅमचं काम करतात. रोज मोठ्या आतड्यात निसटतात ते फक्त अर्धा ग्रॅमच्या आसपास, तेवढेच यकृत नवे बनवतं.

पित्ताशय असताना जेवणांच्या मधल्या वेळात या साठ्याचा मोठा हिस्सा पिशवीत विसावतो. पिशवी गेली की विसावा नाही. पित्त आतड्यात सतत ठिबकतं आणि क्षारांच्या फेऱ्या वाढतात. परत शोषून घेणाऱ्या भागावर सुरुवातीला ताण येतो आणि नेहमीपेक्षा जास्त क्षार मोठ्या आतड्यात उतरतात. तिथं ते पाणी सुटायला लावतात आणि आतड्याची हालचाल वाढवतात. म्हणून जुलाब. त्यात दोन दिंडांवरचं तूप एकदम आलं. त्याला लागणारी दाट पित्ताची पिचकारी नव्हती, फक्त ठिबक होतं. थोडं तूप न शोषलं जाताच पुढं गेलं असणार. म्हणजे ताईकडे पित्त कमी होतं असं नव्हे; ते योग्य वेळी एकदम मिळालं नाही आणि नको त्या वेळी नको तिथं पोचलं.

बहुतेकांत काही आठवड्यांत शरीर ही घडी बसवतं. जेवणांच्या मध्ये बरेच क्षार आता लहान आतड्यातच मुक्काम करतात, पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायूही थोडं पित्त अडवून धरतो. थोडं थोडं खाण्याचा सल्ला यातूनच आला: ठिबकणाऱ्या पित्ताला झेपेल एवढंच तूप एका वेळी द्यायचं. काही जणांना जुलाबाचा त्रास महिनोन्‌महिने टिकतो. तो सोसत बसायचं कारण नाही, पित्तक्षारांना आतड्यातच बांधून ठेवणारी औषधं आहेत, डॉक्टरांना सांगावं. ताईनं गणपतीत उकडीचे मोदक खाल्ले. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन. काही झालं नाही.

एक मात्र गंभीरपणे सांगायला हवं. ताप येणं, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणं, डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौच पांढरट होणं, उलट्या न थांबणं, यांपैकी काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पित्त पोटात झिरपत असेल किंवा मुख्य पित्तनलिकेला इजा झाली असेल तर ते असं दिसतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अशी इजा हजारात तीन ते पाच जणांना होते असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं.

अहवाल

काढलेलं पित्ताशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला गेलं होतं. तो अहवाल अकराव्या दिवशी मिळाला. त्या अकरा दिवसांत घरात कोणी तो विषय काढला नाही, आणि ताई रात्री झोपत नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवरच आम्ही पाकीट फोडलं. कोलेस्टेरॉल पॉलिप. कर्करोगाची लक्षणं नाहीत.

आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवसापासून सूर उमटला, “म्हणजे उगाचच कापलं!” ताईही एकदा तसं म्हणाली. आम्हालाही क्षणभर तसं वाटलं, हे कबूल करायला हवं.

पण हा हिशेब मागाहून कळलेल्या उत्तरावरून मांडलेला आहे. निर्णय घेताना हातात होता फक्त ११ हा आकडा. त्या आकाराच्या पॉलिपांमध्ये निरुपद्रवीच जास्त असतात आणि काही नसतात. हिचा कोणता, हे सांगणारं साधन पोटाच्या बाहेर नव्हतं. दिवसभर पाऊस पडला नाही म्हणून सकाळी ढग बघून छत्री घेणारा मूर्ख ठरत नाही. आता, छत्री फुकट असते आणि शस्त्रक्रिया नसते. तिच्यात पैसा गेला, रजा गेली, हजारातल्या तीन-पाचांमध्ये नंबर लागण्याचा धोका पत्करावा लागला. म्हणून प्रत्येक ढगाला छत्री हेही बरोबर नाही. पॉलिप ५ मिलिमीटरचाच राहिला असता आणि कोणी कापायला सांगितलं असतं, तर आम्ही ताईला नको म्हटलं असतं. ११ ला हो म्हटलं, आणि आज तोच अहवाल आधी माहीत नसताना पुन्हा विचारलं तर पुन्हा हो म्हणू. ताईला हे पूर्ण पटलंय असं नाही. ती म्हणते, “तुझं गणित बरोबर आहे, पण पिशवी माझी होती.” यावर आमच्याकडे उत्तर नाही.

आठवीच्या वर्गात मात्र तिनं या सगळ्याचा भरपूर उपयोग केला. पोटात टायटॅनियमचे चिमटे राहिले आहेत हे ऐकून एका मुलानं लोहचुंबक लावून पाहायची परवानगी मागितली. टायटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही हे ताईनं त्याला तोंडीच सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, पिशवीवाचून चालतं तर ती असते कशाला? ताईनं उत्तर न देता यादी दिली. घोड्याला पित्ताशय नसतं, ही नोंद ॲरिस्टॉटलनं करून ठेवली आहे. दिवसभर चरणाऱ्याला ठिबक पुरतं, असं वाटतं ना? पण गाय आणि शेळीही दिवसभर चरतात, त्यांना पित्ताशय असतं. दाणे टिपणाऱ्या कबुतराला नसतं, दाणे टिपणाऱ्या कोंबडीला असतं. रॅट जातीच्या मोठ्या उंदराला नसतं, माउस जातीच्या चिमुकल्या उंदराला असतं. मुलं गोंधळली. शास्त्रज्ञांनाही याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे. तो म्हणाला, पित्ताची पिशवी आम्ही सगळ्यांत आधी जपून काढतो, फुटली तर कलेजी कडू होते. दुसऱ्या दिवशी त्यानं डब्यातून बोकडाचं पित्ताशय आणलं. ताईनं दोन बाटल्यांत सारखं पाणी आणि चमचाभर गोडेतेल घेतलं, एकीत ते हिरवं पित्त ओतलं, बुचं लावली आणि दोन मुलांना सारखंच हलवायला सांगितलं. साध्या पाण्याच्या बाटलीत तेलाचा थर तास संपायच्या आत वर आला. दुसरी बाटली हिरवट दुधासारखी झाली होती, ती शाळा सुटेपर्यंत तशीच होती. हा प्रयोग करायचा असल्यास हातमोजे घालावेत, नंतर साबणानं हात धुवावेत आणि डबा मधल्या सुट्टीपूर्वी वर्गाबाहेर न्यावा. ताई ते विसरली होती.